राजवैद्याची अक्का

नेमकी किती वर्षं झाली ते विचारू नका, पण गोष्ट फार जुनी आहे. एका गावात एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ राहत होते. आईवडील साथीत गेले तेव्हा बहीण चौदा वर्षांची होती आणि भाऊ पाचाचा. सारा गाव तिला अक्का म्हणे. अक्का लाह्यांची भट्टी लावी. तापलेल्या वाळूत ज्वारी टाकायची, फुटली की चाळून काढायची आणि बाजारात नेऊन विकायची. त्यावर दोघांचं पोट भरत होतं.

भाऊ मोठा हुशार निघाला. अक्काने त्याला दूरच्या गुरूंकडे वैद्यकी शिकायला पाठवलं. तिला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं, पण बारा वर्षं तिने त्याला काही कमी पडू दिलं नाही. भावानेही तिचं नाव काढलं. तो राजाचा वैद्य झाला. राजधानीत त्याला घर मिळालं, हाताखाली शिष्य आले.

त्याची अक्कावर माया नव्हती असं मात्र समजू नका. दर सणाला तो लुगडं घेऊन गावी येई. फक्त त्याला एक खोड जडली होती. अक्का काही बोलली की त्याला आधी त्यातली चूक दिसे. ती म्हणे, "शेजारणीच्या पोराला दृष्ट लागली, अंग तापलंय त्याचं." तो म्हणे, "दृष्टीने ताप येत नसतो, अक्का." अक्का हसून म्हणे, "असेल बाबा, तुला ठाऊक." आपला भाऊ एवढं जाणतो याचंच तिला कौतुक होतं.

एकदा अक्का सात कोस चालत राजधानीत आली. अंगणात भाऊ शिष्यांना घेऊन रोगी तपासत होता. एका लाकूडतोड्याचा खोकला कोरडा की ओला, सकाळचा की रात्रीचा, हे त्याने किती शांतपणे विचारून घेतलं. मग अक्काची पाळी आली.

"तुझं काय गं, अक्का?"

अक्काने छातीवर हात ठेवला. "अरे, इथं मधेच लाह्या फुटल्यासारखं होतं बघ. तडतड तडतड. आणि मग एकदम भट्टी विझावी तसं गार."

शिष्यांना हसू आवरेना. खरं सांगायचं तर भावालाही थोडं आलंच. तो म्हणाला, "छातीत कधी लाह्या फुटतात का, अक्का? कुठं दुखतं, केव्हा दुखतं, किती वेळ दुखतं, तेवढं नीट सांग."

दुखत तर नव्हतंच. अक्काने हसणाऱ्या पोरांकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "काही नाही रे. चालून आले ना, त्याचं असेल." भावाला ते लगेच पटलं. बाहेर अजून बरेच रोगी खोळंबले होते.

त्या दिवसापासून अक्का त्याला अहो-जाहो करू लागली. तुम्ही कधी आलात, तुम्ही बसा, तुम्ही जेवून घ्या. भावाला आधी चमत्कारिक वाटलं, मग ते आवडू लागलं. सगळं गाव मान देतं, बहिणीनेही दिला तर वावगं काय, असं त्याने मनाशी म्हटलं. मान देणारं माणूस एक पाऊल मागे सरकून उभं राहतं, हे एवढ्या शिकलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. तो विचारी, "प्रकृती कशी आहे?" ती म्हणे, "बरी आहे." अनोळखी माणसाची जीभ आणि नखं तो उजेडात धरून पाही. बहिणीचे ओठ निळे पडत चालले होते, तिथे मात्र त्याने तिच्या शब्दावर भागवलं.

अशी तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी सुगीत गावाहून निरोप आला, अक्का दोन दिवस उठलेली नाही. भाऊ दोन शिष्यांना घेऊन घोड्यावरून निघाला. घरात शिरताच त्याने तिचा हात हातात घेतला. नाडी चार ठोके घाईने देई, मध्येच थांबे, पुन्हा धावे. अक्काने अंगणात सांगितलं होतं ते तंतोतंत खरं होतं. हा रोग त्याच्या ओळखीचा होता. कितीतरी लोकांना त्याने यातून उठवून बसवलं होतं. पण त्याचं औषध सुरुवातीला द्यावं लागे, आणि ती वेळ केव्हाच निघून गेली होती.

त्याला रडू आवरेना. "अक्का, मला पुन्हा का नाही सांगितलंस?"

उशाशी बसलेली शेजारीण म्हणाली, "वैद्यबुवा, रोज भट्टीपुढं बसून ती काहीतरी पुटपुटायची. मला वाटायचं, जप करते."

"जप कसला गं," अक्का हळूच म्हणाली. "यांना सांगायचं जुळवत होते. कुठं, केव्हा, किती वेळ. एक जुळलं की दुसरं निसटायचं."

भावाने शिष्यांना बाहेर पाठवलं. तिच्या अगदी जवळ बसून तो म्हणाला, "आता सांग. येईल तसं सांग, मी ऐकतोय."

अक्काने तोंड उघडलं. ओठ थोडे हलले. मग तिने मान हलवली.

"नको. पुन्हा चुकायचं."

तिसऱ्या दिवशी अक्का गेली.

राजवैद्य पुढे पुष्कळ वर्षं जगला. त्याच्यापुढे कुणी कसंही बोलो, तो मध्ये शब्द टाकत नसे. लोक त्याच्या या स्वभावाची फार वाखाणणी करत, आणि ती ऐकताना त्याची मान खाली जाई. जिने त्याला शिकवलं तिला त्याच्याकडून एवढंच हवं होतं, आणि तिच्या वाट्याला ते आलं नव्हतं.

ज्या विद्येपुढे आपल्याच माणसाला तोंड उघडायची भीती वाटते, ती विद्या जगाच्या कामी आली तरी घराच्या कामी येत नाही.