विचारून घेतलेली वाट

नदीकाठच्या लहानशा मठीत राहणाऱ्या वृद्ध गुरुजींकडे एकदा त्यांचा शाळेतला एक जुना विद्यार्थी आला. श्रीरंग त्याचे नाव. वय तिशीच्या आतले, पण चाल ओझे वाहून आणल्यासारखी. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, मला हल्ली कशातच काही वाटेनासं झालंय."

त्याची हकिगत अशी. त्याचा शाळेपासूनचा मित्र कौस्तुभ याने कित्येक वर्षे खपून एक व्हिडिओ गेम तयार केला होता. पुरात हरवलेले आपले गाव शोधत एक नावाडी निघतो, असा तो खेळ. बाजारात आणण्यापूर्वी त्याने तो श्रीरंगच्या हाती दिला आणि एवढेच विनवले, "कुणाला काही न विचारता खेळ." पण श्रीरंगची रीत निराळी होती. कोणत्याही खेळातले खाचखळगे आणि शेवट आधी जाणून घ्यायचा, मगच तो हात लावायचा.

"दिवसभर कामावर हरून येतो, गुरुजी. घरी पुन्हा हरायचं त्राण उरत नाही."

म्हणून त्याने कौस्तुभच्या एका सहकाऱ्याला गाठून सगळी वाट विचारून घेतली. खेळ एका बैठकीत संपला. "काय वाटलं?" कौस्तुभने मोठ्या आशेने विचारले. "छान आहे," श्रीरंग म्हणाला. कौस्तुभ उठून गेला. त्यानंतर त्याचा फोन आला नव्हता.

"दोष खेळाचा की माझा, तेच कळत नाही."

गुरुजी म्हणाले, "बघू तरी तो खेळ."

श्रीरंगने लॅपटॉप उघडून दिला. गुरुजींची बोटे संधिवाताने आखडलेली. नाव सुरुवातीलाच खडकावर आपटली. "उजवीकडे घ्या," श्रीरंग घाईने म्हणाला, "डावीकडे भोवरा आहे." गुरुजी थांबले. वातींसाठी ठेवलेल्या कापसाचे त्यांनी दोन बोळे केले, कानांत घातले आणि नाव डावीकडे वळवली.

श्रीरंगला वाईट वाटले. इतक्या लांबून आपण सल्ला मागायला यावे, आणि यांनी कान बंद करून खेळत बसावे!

नाव बुडाली. पुन्हा बुडाली. गुरुजी "अरेरे" म्हणत आणि पुन्हा निघत. अखेर भोवऱ्याने नाव गरगरा फिरवून एका अरुंद फाट्यात भिरकावली. श्रीरंग पुढे सरकला. हा फाटा त्याने पाहिलाच नव्हता. काठावर चिंचेचे वाकडे झाड होते. फांदीवर दोन मुले पाय सोडून बसली होती. त्यांतल्या एकाने गाभुळलेली चिंच मोडली आणि पडद्यावर अक्षरे उमटली: 'अर्धी तुला, अर्धी मला.'

"ही आपल्या शाळेमागची चिंच ना रे?" गुरुजींनी विचारले.

श्रीरंगने मान डोलावली. शाळा सुटली की तो आणि कौस्तुभ त्याच फांदीवर बसायचे.

गुरुजींनी कानांतला कापूस काढला. "बाळा, थकलेल्याने जवळची वाट विचारावी, यात पाप नाही. पण वाट सांगणारा त्याला ठाऊक असेल तेवढीच सांगतो. ही चिंच कुणासाठी लावली आहे, हे त्या सहकाऱ्याला कसं ठाऊक असणार? तू हार चुकवायला गेलास आणि मित्राची भेट चुकवून आलास."

"पण शेवट तर मला कळून चुकलाय. तो आता विसरू कसा?"

"नाही विसरता येणार," गुरुजी शांतपणे म्हणाले. "तेवढं नुकसान सोसावंच लागेल."

संध्याकाळी नदीच्या पायऱ्यांवर बसून श्रीरंगने कौस्तुभला फोन लावला. "मी वाट विचारून खेळलो होतो," तो म्हणाला. "चिंच आज पाहिली. तीही गुरुजींची नाव बुडाली म्हणून."

"कितीदा बुडाली?" पलीकडून कौस्तुभने विचारले.