रंभाजीने राखलेली मादी

माळाला पडीक म्हणालं कोण? झाड दिसलं नाही की ज्याला जमीन रिकामी वाटते आणि गवत म्हणजे कचरा वाटतो, त्यानेच. त्याचं नाव घेत नाही. तो शहाण्यांत मोडतो. ही गोष्ट मूर्खाची आहे.

एका गावात एक भोळा राखणदार होता. त्याचं नाव रंभाजी. गावचं कुरण राखायचं, एवढंच काम त्याला येत होतं. तेही सांगावं तसं. अगदी सांगावं तस्सं.

यंदा गावाने कुरण नांगरायचं मनात घेतलं. रंभाजीला प्रश्न पडला. कुरण गेलं तर राखायचं काय?

त्याची भाची उज्ज्वला कॉलेजात शिकत होती. ती म्हणाली, "मामा, घाबरू नकोस. या गवतात लाल मुनिया घरटी करतात. चिमणीहून लहान पाखरं. नांगरण्याआधी वनखात्याचे साहेब पाहणीला येणार आहेत. त्यांना इथे घरटं दिसलं, की नांगर टळला. मुनिया आल्या की मला सांग."

"बरं."

सकाळी थवा उतरला. रंभाजी जागेवरूनच बोंबलला, "उज्जेऽऽ! आल्याऽऽ!"

थवा भुर्र.

"अरे मामा, ओरडायचं नसतं! खाली बसायचं. हलायचं नाही. तोंडातून शब्द काढायचा नाही."

"बरं."

मग कुरणात पाटलांच्या म्हशी शिरल्या. रंभाजी खाली बसला. हलला नाही. एक म्हैस त्याचं मुंडासं चघळून गेली, तरी हूं नाही की चूं नाही.

"मामा! कुणी गवताला तोंड लावलं की काठी घेऊन हाकलायचं!"

"बरं."

मग एक लालभडक मुनिया चोचीत गवताची काडी धरून उडाली. रंभाजी काठी उगारून तिच्यामागे बांधापर्यंत धावला. "काडी ठेव! गावची आहे!"

उज्ज्वलाने कपाळ बडवून घेतलं. "अरे, तो नर घरटं बांधतोय! घरासाठी गवत नेणाऱ्याला अडवायचं नाही. त्याला हात जोडायचे."

"बरं."

संध्याकाळी शेजारगावचा बाजी चोरून भारा कापत होता.

"घरासाठी का?" रंभाजीने विचारलं.

"घरासाठीच की. छपराला."

रंभाजीने हात जोडले. भारा बाजीच्या डोक्यावर चढवून दिला. वर म्हणाला, "अंडी कधी?"

साहेबांची पाहणी उद्यावर आली, तेव्हा उज्ज्वलाने मामाला समोर बसवलं. "आता ओळख पक्की कर. लाल अंगावर पांढरे ठिपके, तो नर. पण तो विणीच्या दिवसांतच लाल होतो, म्हणजे आत्ता. मादी मातकट, पण चोच लाल. काळ्या चोचीची मुनिया निराळी, ती आपली नव्हे. आणि मादी गवतात बसलेली दिसली, तर ती अंड्यांवर आहे. ती उठता कामा नये. अंडी गार पडतात. कुणाला जवळ फिरकू देऊ नकोस."

"बरं."

दुसऱ्या दिवशी साहेब गावाच्या आधीच पोचले. अंगात मातकट कपडे, तोंडात पान. दुर्बीण घेऊन ते गवतात उकिडवे बसले.

रंभाजीने निरखून पाहिलं. अंग मातकट. चोच लाल. गवतात बसलेली.

साहेब उठू लागले. रंभाजीने खांदे दाबून त्यांना खाली बसवलं. "उठू नका, बाई. गार पडतील."

"बाई? अहो, मी पुरुष आहे!"

"नर असता तर या दिवसांत लाल झाला असता."

साहेब पुन्हा उठले. रंभाजीने पुन्हा बसवलं. मग त्याच्या हातातली काठी पाहून साहेब बसूनच राहिले.

सरपंच आले, गाव आलं. रंभाजीने काठी आडवी धरली. "तिथंच थांबा! मादी बसलीय!"

"मामा, ते साहेब आहेत!" उज्ज्वला किंचाळली.

"ओरडायचं नसतं. तूच म्हणालीस."

उज्ज्वलाला रडू फुटायचंच बाकी होतं. कुरण गेलं. आता मामाही जाणार, तो तुरुंगात.

ऊन कललं. सारं गाव बांधावर चिडीचूप. इतक्यात साहेबांच्या गुडघ्याजवळच्या गवतात एक ठिपकेदार लाल पाखरू उतरलं. चोचीत काडी. गवताच्या गोळ्यातून एक मातकट डोकं बाहेर आलं, लाल चोचीचं. साहेबांचा पान चघळणारा जबडा थांबला.

"सरपंच," ते बसल्या जागेवरून कुजबुजले, "घरटं आहे. इथे नांगर घालायचा नाही."

उज्ज्वलाने डोळे पुसले. रंभाजीने मात्र काठी हलवली नाही.

मग बांधावरून साहेबांच्या ड्रायव्हरने हलकेच विचारलं, "साहेब, जीप काढू, का पिल्लं निघेपर्यंत थांबू?"