टिटवीचे आठ मुके दिवस

एका जंगलात, ओढ्याकाठच्या गोट्यांमध्ये, एक टिटवी राहत असे. एके सकाळी तिच्या शेजारची खार ओढ्यावर पाणी प्यायला आली, वाकली आणि खोकली. एवढेच. पण त्या खोकल्याबरोबर कापसाचा एक बारीक तंतू पाण्यावर पडला आणि तरंगत निघून गेला. टिटवी दचकली. तशी ती पान पडले तरी दचकायची. पण कापूस खारीच्या तोंडातून आला होता, आणि ते तिला काही केल्या बरे वाटेना.

मुलांनो, हा कापूस होता सावरीच्या बोंडांचा. पूर्वी खारी फांद्यांवर बसून, गप्पा मारत तो सोलत. अर्धा वाऱ्यावर जाई, आणि एक बिछाना भरायला अख्खा उन्हाळा सरे. मग कोल्ह्याने माणसांच्या गावात पाण्यावर फिरणारे चाक पाहिले आणि तसेच एक ओढ्याकाठच्या गुहेत बसवले. चाक बोंडे फोडी, खारी आत बसून बिया वेगळ्या करीत, आणि त्याबद्दल त्यांना पोटभर शेंगा मिळत. वारा कापूस उडवून नेतो म्हणून कोल्ह्याने गुहेच्या तोंडावर वेलींचा जाड पडदा सोडला आणि छताच्या भोकावर एक मोठा दगड ठेवला. बघता बघता जंगलातल्या प्रत्येक बिळात आणि ढोलीत मऊ बिछाना आला. अस्वल तर दुपार झाली तरी उठेना. कालपर्यंत सगळे ज्याला कोल्होबा म्हणत, त्याला आता शेठ म्हणू लागले.

टिटवी घाबरत घाबरत कोल्ह्याकडे गेली. आत कापूस हवेत भरून राहतो, तो खारींच्या छातीत जातो, तेवढा वरचा दगड काढा, असे तिने सांगितले. कोल्ह्याने शांतपणे ऐकून घेतले. उघड्यावर राहणाऱ्या पाखराला कारखान्यातले काय कळणार, असे तो म्हणाला, आणि शेपटी झटकून आत गेला. मग टिटवी झाडाझाडाखाली जाऊन ओरडली. ज्यांना छान झोप लागली होती, त्यांनी कूस बदलली. खारींची मुकादमीण तर तिच्यावर उखडलीच. ही खार थोराड, कामाला चपळ आणि जिभेला त्याहून चपळ.

"टिटवी ओरडली की वाईट होतं, असं माझी आजी सांगायची," ती म्हणाली. "तू ऊठसूट ओढ्याकाठी कोकलतेस, म्हणूनच आम्हाला खोकला लागला. आधी तुझी चोच बंद कर बाई, मग दगडाचं बघू."

बाकीच्या खारी हसल्या, आणि हसता हसता खोकल्या.

टिटवी ओढ्याकाठी येऊन बसली. तिला नुसते वाईट वाटले नाही, भीतीही वाटली. खरेच आपल्यामुळे होत असेल तर? दिवसभर तिने दाणा टिपला नाही. संध्याकाळी ती मुकादमिणीकडे गेली आणि हळूच म्हणाली, "आठ दिवस मी चोच उघडणार नाही. खोकला थांबला, तर मी हे जंगल सोडून जाईन. नाही थांबला, तर एकदा माझं ऐकायचं."

मुकादमीण म्हणाली, "चालेल. बघू तुला दोन दिवस तरी जमतं का."

मुलांनो, गप्प बसणे टिटवीला किती जड गेले असेल! पहिल्याच दिवशी डोक्यावर काटकी पडली. तिने चटकन चोचीत खडा धरला. तिसऱ्या दिवशी घारीची सावली अंगावरून गेली. पाचव्या दिवशी एका माकडाने मुद्दाम तिच्याशेजारी पाण्यात धोंडा टाकला. ती थरथरत उभी राहिली, पण आवाज काढला नाही. सहाव्या दिवशी शेजारची खार कामावरून आली ती बुंध्याशीच बसली. तिला झाडावर चढता येईना. टिटवी तिच्याजवळ पंख पसरून उभी राहिली. बोलावेसे वाटत होते, तरी बोलली नाही. आठव्या दिवशी चाकाच्या घरघरीतूनही गुहेतला खोकला ओढ्यापर्यंत ऐकू येत होता, आणि त्यात सर्वांत मोठा होता मुकादमिणीचा.

नवव्या सकाळी टिटवी गुहेवरच्या दगडावर जाऊन उभी राहिली. "बाहेर या गं," तिने हाक दिली. कोणी आले नाही. तिने पुन्हा हाक दिली. चाक घरघरत राहिले. तिसऱ्या हाकेनंतर घरघर हलकी झाली. चाकाखाली बोंडे पडायची थांबली होती. ते नुसतेच फिरत होते. पडदा हलला. मुकादमीण बाहेर आली, तिच्यामागे सगळ्या खारी आल्या, आणि दोघींनी टिटवीच्या शेजारणीला धरून आणले.

कोल्हा धावत आला. काम सोडून ही कसली जत्रा, असे विचारू लागला.

"शेठ," मुकादमीण धापा टाकत म्हणाली, "आठ दिवस टिटवी गप्प होती. खोकला गप्प नव्हता. दगड काढा."

"अगं, कापूस उडेल."

"थोडा उडेल. उडू दे. दगड निघेपर्यंत आम्ही एक बोंड सोलणार नाही. आणि आजपासून ऊन कललं की आम्ही घरी जाणार."

दुसऱ्या खारी आणीन, असे कोल्हा म्हणाला खरा, पण जंगलातल्या सगळ्या खारी त्याच्यासमोरच बसल्या होत्या. त्याने रिकाम्या चाकाकडे पाहिले, बोंडांच्या ढिगाकडे पाहिले, आणि मुकाट्याने वर चढून दगडाला खांदा लावला. टिटवी उडून गुहेच्या कडेला उभी राहिली. दगड गडगडत खाली गेला. त्याबरोबर भोकातून पांढरा लोट उठला. तो उठतच राहिला, सावरीच्या शेंड्याहूनही उंच गेला. अस्वलसुद्धा डोळे चोळत बाहेर आले. खारी माना वर करून बघत होत्या. एवढे सगळे आपण रोज छातीत घेत होतो, हे त्यांना आता दिसले. शेजारच्या खारीने लांब श्वास घेतला, आणि तो मध्ये कुठेही अडकला नाही.

टिटवी आनंदाने ओरडणारच होती. पण आठ दिवसांची सवय, तिने चोच मिटून घेतली. मुकादमिणीने वर पाहिले.

"थांबलीस का गं, टिटवीताई? ओरड की."

टिटवीने मान उंच करून हाक दिली. आणि खाली बसलेल्या एकूण एक खारींनी तिला ओ दिली.

तात्पर्य : संकटाची हाक देणारा संकट आणत नसतो, त्याच्या हाकेला सगळ्यांनी मिळून ओ दिली, तर भलेमोठे दगडही बाजूला सरतात.