मेतकुटाचा फेस आणि तीनशेवा डबा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी देवडोंगरी संस्थानातील एका जावईबापूंनी उखाणा घेण्यासाठी तोंड उघडले, आणि बायकोच्या नावाऐवजी तोंडातून एक भलामोठा फुगा बाहेर पडला. पाठोपाठ देवळात कीर्तनकारबुवांच्या अभंगाला फेस आला. दोघांनीही सकाळी मऊ भातावर राजवाड्याच्या कोठीने सणासाठी घरोघर डब्यांतून वाटलेले मेतकूट घेतले होते.

"आमच्या कोठीच्या मेतकुटात दोष निघूच शकत नाही," राजे खंबीरराव दरबारात कडाडले. "आणि तो दोष आजच्या आज परत आला पाहिजे!"

कोठावळे विनायकपंतांनी लगोलग बोट दाखवले. "महाराज, जाते ही तानूबाई चालवते."

कोठीत दळपकांडप करणारी तानूबाई खांबाशी उभी होती. फुगे कुठून आले, हे तिला ठाऊक होते. दसऱ्याच्या मिरवणुकीत मोतीगज हत्ती चकाकला पाहिजे, म्हणून त्याच्या स्नानासाठी पोतेभर रिठा दळण्याची आज्ञा खुद्द महाराजांनी दिली होती. "पंत, रिठ्याला दुसरे जाते घ्या," असे तिने परोपरीने विनवले होते. "दुसरे जाते आणायला सवड कुणाला आहे? मेतकुटाच्याच जात्यावर दळ मुकाट्याने," असे पंतांचे उत्तर होते.

"महाराज, दोष नसेल तर मेतकूट परत कशाला मागवायचे?" तिने नम्रपणे विचारले.

"फुगे येत आहेत म्हणून," महाराज म्हणाले. "नीट ऐका. मेतकूट बिघडले, असा शब्द बाहेर जाता कामा नये. खोटे बोलायचे नाही, कारण आमची दवंडी कधी खोटी ठरलेली नाही. शिपाई कुणाच्या स्वयंपाकघरात शिरणार नाही. आणि सूर्यास्तानंतर चिमूटभर जरी मेतकूट राज्यात उरले, तर ते या बाईने आमच्यासमोर बसून खायचे. आमचा विश्वास अढळ आहे. आज आमच्या थाळीतही तेच वाढा!"

पंत हसत पुढे झाले. "यात अवघड ते काय? डबे कोठीचेच आहेत. डबे परत करा म्हटले, की झाले."

त्यांनी दवंडी पिटवली. वाटलेल्या तीनशे डब्यांपैकी दोनशे नव्याण्णव पितळी डबे दुपारपर्यंत ओसरीवर रचले गेले. पंतांनी मिशीला पीळ देऊन पहिला डबा उघडला. आत पोहे होते. दुसऱ्यात गूळ, तिसऱ्यात शेंगदाणे, चौथ्यात चार लिंबे आणि त्यांवर एक जास्वंदीचे फूल.

"मेतकूट कुठे गेले?" पंत घाबरे झाले.

"आपापल्या बरण्यांत," तानूबाई म्हणाली. "पंत, आलेले भांडे रिकामे परत करण्याची रीत आपल्याकडे आहे का? लोकांनी मेतकूट काढून ठेवले आणि डबे भरून पाठवले. फार मायेची माणसे आहेत हो आपल्या गावची."

"तुला थट्टा सुचते आहे? सूर्यास्तानंतर पोतेभर खावे लागेल!"

"म्हणून तर सुचते आहे. पंत, दवंडीवाल्याला एकदा माझ्याकडे पाठवा. आणि माहुताला सांगा, मोतीगजाला चावडीसमोर आणून नुसता भिजवून ठेव."

तासाभरात दुसरी दवंडी फिरली. "ऐका हो ऐका! यंदाच्या मेतकुटात महाराजांच्या मोतीगजाच्या दसरास्नानाचा वाटा दळला गेला आहे. हत्तीचा वाटा हत्तीला पोहोचवावा! जो आपल्या घरचे मेतकूट शेवटच्या चिमटीपर्यंत आणील, त्याला स्वहस्ते हत्ती चोळण्याचा मान!"

मान म्हटल्यावर देवडोंगरीत कोण घरी बसतो? बरण्या, वाट्या, गाडगी घेऊन सारे गाव चावडीकडे लोटले. पाटलांनी सोंडेवर हक्क सांगितला. कीर्तनकारबुवा कानापाशी अडून बसले. जावईबापूंना शेपूट आले, तेव्हा सासूबाई रुसल्या.

"आमचे जावई शेपटाचे मानकरी? लग्नात एवढे रुखवत काय शेपटासाठी मांडले होते?"

"विहीणबाई, घाई करा, नाहीतर तेही जाईल," मागून कुणीतरी म्हणाले.

मेतकूट ओल्या अंगाला लागले मात्र, असा फेस उसळला, की मोतीगज दिसेनासा झाला. हळदीने पिवळा, हिंगाने घमघमणारा तो फेसाचा डोंगर मधूनच सोंड वर करून कारंजे उडवू लागला. कुणीही "हे आपण खाल्ले" असे मोठ्याने म्हणाले नाही. सगळे एकमेकांकडे पाहून नुसते तोंड पुसत होते.

सूर्य टेकायला आला. पंत यादी घेऊन दरबारात धावले. आपल्या चुकीची चौकशी होण्याआधी तानूबाईचा निकाल लागावा, अशी त्यांची फार इच्छा होती.

"महाराज, दोनशे नव्याण्णव घरे आली. एक घर आले नाही. तानूबाईला पाट मांडावा."

महाराज तोंडासमोर शेला धरून बसले होते. दुपारच्या भोजनापासून त्यांनी तो काढला नव्हता.

"कोणाचे... घर?" त्यांनी शेल्याआडून विचारले.

"तीनशेवा डबा राजवाड्याचा आहे, महाराज," पंतांच्या मागोमाग आलेली तानूबाई म्हणाली. "आपल्या आसनाशेजारीच दिसतो आहे. त्यात चिमूटभर असेल, तर मी आत्ता खाते."

पंतांनी झडप घालून झाकण उघडले. डबा लख्ख रिकामा होता. हट्टाला पेटलेल्या महाराजांनी सारे मेतकूट एकट्याने संपवले होते.

"म्हणजे राज्यात काही उरले नाही," तानूबाई हात जोडून म्हणाली. "एवढा डबा मिळाला, की माझे तीनशे पुरे. फक्त एक अडचण आहे, महाराज. सगळ्या गावाने डबे भरून परत केले. राजवाड्याने रिकामा परत केला, असे उद्या पाणवठ्यावर कुणी बोलायला नको."

महाराजांनी हसू आवरण्याचा निकराने प्रयत्न केला. गाल फुगले, शेला सुटला, आणि ते खदखदून हसले! प्रत्येक हास्यासरशी एक एक फुगा दरबारात तरंगू लागला. त्यातला एक पंतांच्या पगडीवर जाऊन बसला.

रिठ्याला दुसरे जाते कुणी नाकारले, याची चौकशी महाराजांनी दुसरी दवंडी ऐकताच केली होती. त्यांनी पंतांच्या कमरेचा कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा मागून घेतला, तो डब्यात टाकला, झाकण लावले आणि डबा तानूबाईच्या हाती दिला.

"कोठावळीणबाई," ते म्हणाले, आणि आणखी एक फुगा सुटला, "उद्या सकाळी पहिले काम. हत्तीसाठी वेगळे जाते. आणि ते ओढायला हे पंत."