चौकटीखालची माती

“पण तिकडे जन्मात नाही लागली, मग इथे दोन पावसाळ्यांत कशी लागते वाळवी?”

निरंजन चौकटीपुढे उकिडवा बसला होता. माणदेशातल्या उजाड टेकडीवर त्याने एकट्याने साधना केली होती. बुवा थकले, तेव्हा त्यांनी या पट्टशिष्याला कोकणातल्या मठाची गादी सांभाळायला बोलावलं. येताना त्याने झोपडीची चौकट बरोबर आणली. या चौकटीच्या आत आपल्याला कधी राग शिवला नाही, असं तो येईल त्याला ऐकवायचा. तिचे पाय तिकडच्या रीतीने थेट मातीत पुरले. गावातले म्हणत होते, खाली जांभा दगड घाला. कोण ऐकतो!

बुवांनी अंगठा टेकवला. रंगाचा पापुद्रा तेवढा उरला होता. अंगठा आत गेला.

मठाचा स्वयंपाक सांभाळणारी सगुणाकाकू ताक घेऊन आली.

“चौकट गेलीच. आता पाट तरी जपा हो, महाराज. काल भिरकावलात तसा नको.”

“तोंड आवर!” निरंजन खेकसला.

काकू पेला ठेवून गेली. तिला सवय झाली होती.

“बघितलंत, बुवा? इथली हवाच अशी. चिखल, घाम, माणसांची किटकिट... मला जाऊ द्या. तिकडे मी असा नव्हतो.”

बुवांनी डोळे मिटले. त्याच्यामागे गादीला दुसरं कुणी नव्हतं, आणि नवा शिष्य घडवण्याइतकं आयुष्य त्यांच्यापाशी उरलं नव्हतं. तरी ते ‘थांब’ म्हणाले नाहीत.

“तिकडे चौकट उपटलीस, तेव्हा खड्ड्यात काय होतं?”

“माती. कोरडी ठणठणीत.”

“आणखी?”

निरंजन चौकटीची माती नखाने खरवडू लागला.

“निरंजना.”

“खाली, खूप खोल... होती थोडी वाळवी. पण वर कधी आली नाही.”

“हं. आणि तिकडे तुझा स्वयंपाक कोण करायचं?”

“मीच. दुसरं होतं कोण तिथे?”

बुवांनी ताकाचा पेला त्याच्याकडे सरकवला. निरंजनने तो घेतला नाही. आत जाऊन बोचकं बांधलं, पाया पडला, पायरीशी घुटमळला.

“येऊ?”

“ये. तिकडे एखाद्या साली बरा पाऊस झाला, तर मला कळव.”