उगवतीपेठेभोवतीची रेघ

एका राज्यात माणसे इतकी वाढली की शहराचा तट त्यांना पुरेना. तेव्हा राजा चंद्रकेतूने तटाबाहेर, पूर्वेच्या डोंगराच्या उतारावर रान तोडून नवी वस्ती वसवली आणि तिला उगवतीपेठ असे नाव दिले. तीनशे घरे उभी राहिली. घरामागे परसू, परसात केळी, रताळी, अळू. माणसे सुखाने राहू लागली, आणि दोन वर्षांत त्यांचे सुख सरले.

आधी वानरे आली. त्यांनी कौले उचलून आत हात घातला आणि शिंक्यावरच्या भाकऱ्या नेल्या. मग साळिंदरांनी कंद उकरले. मग रानडुकरे आली, आणि सकाळी पाहावे तर परसू नांगरल्यासारखे. शेवटी दिवेलागणीला बिबट्या येऊ लागला व अंगणातली कुत्री एकेक करून नेऊ लागला. लोकांनी थाळ्या बडवल्या, जाळी लावली, खड्डे खणले. वानरांनी जाळ्यांवर झोके घेतले आणि खड्ड्यांत पडली ती माणसेच. मग एके दिवशी जुने सेनापती खड्गसेन यांची मांडी डुकराने सुळ्याने फाडली, तेव्हा सगळी पेठ जाऊन राजवाड्याच्या दारात बसली.

दरबारात त्या वेळी भस्मपाद नावाचा मांत्रिक उतरला होता. त्याचे पाय घोट्यापर्यंत राखेचे होते. तो राजाला म्हणाला, "महाराज, मी पेठेभोवती रेघ ओढतो. एकही जनावर ती ओलांडणार नाही. मोबदला म्हणून मला तो डोंगर हवा."

राजाने मान्य केले. मांत्रिकाने आणखी दोन अटी सांगितल्या. माणसांनी रेघेबाहेर खुशाल जावे, पण सूर्य मावळताना जो बाहेर असेल तो रानाचा होईल. आणि रेघेचा दिवस धरून पाचव्या दिवशी सकाळी डोंगरावरच्या सर्व जनावरांची शिकार व्हावी, नाहीतर रेघ टिकणार नाही. राजाने तेही मान्य केले.

सकाळी भस्मपाद पेठेभोवती एक फेरी चालला. त्याच्या पावलांची राख सांडत गेली व तिची रेघ झाली. डोंगर चढणाऱ्या जनावरांची रांग लोकांनी छपरांवर उभे राहून पाहिली. मग अट सांगणारी दवंडी पिटली गेली. ती साऱ्यांनी ऐकली. एकाने ऐकली नाही.

त्याचे नाव नागोजी. तो मध काढणारा होता आणि पहाटेच पलीकडच्या कड्यावर गेला होता. त्याची बायको रुक्मा बुरूडकाम करी. दवंडी ऐकली तशी तिने हातातली टोपली टाकली आणि ती कड्याकडे धावली. कडा मोठा, माणूस लहान. दिवसभर हाका मारूनही तो सापडला नाही. संध्याकाळी ती रेघेच्या आत येऊन उभी राहिली.

सूर्य टेकताना नागोजी उतारावर दिसला. डोक्यावर मधाचे मडके होते. रुक्माने हात हलवले, त्यानेही हात हलवला आणि मध सांडू नये म्हणून तो बेताने उतरत राहिला. ती ओरडली तेव्हा कुठे त्याला काही उमगले. तो धावला. रेघ दहा पावलांवर राहिली आणि सूर्य गेला.

नागोजी हातांवर पडला. उठला तेव्हा तो रानडुक्कर होता. मडके फुटून मध मातीत चालला होता. डुक्कर रेघेवर धावून आले आणि भिंतीवर आपटावे तसे मागे फेकले गेले. पुन्हा आले, पुन्हा फेकले गेले. तिसऱ्यांदा ते आले नाही; उभे राहून तिच्याकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्माने राजापुढे सारे सांगितले. भस्मपाद शांतपणे म्हणाला की दुःखात माणसाला असे भास होतात.

"बाई," राजा म्हणाला, "मी शब्द दिला आहे. शिकारीला आजचा धरून तीन दिवस आहेत. तेवढ्यात रेघ सोडवायचा उपाय तुला सापडला तर मी आड येणार नाही. सापडला नाही, तर शिकार होईल."

रुक्मा रेघेशी परत आली. डुक्कर तिथेच होते. त्याच्याजवळ एक टिटवी सारखी ओरडत येरझारा घालत होती. रुक्माने तिच्या नजरेच्या रोखाने पाहिले, तर रेघेच्या आत, उघड्या खडीत, टिटवीची चार अंडी उन्हात तापत होती. टिटवी आपले पोट पाण्यात भिजवून अंडी गार ठेवते, हे रुक्माला माहीत होते. तिने पदर भिजवून आणला, अंड्यांवर पाणी शिंपडले आणि एक टोपली उपडी घालून सावली केली.

टिटवी ओरडायची थांबली व माणसासारखी बोलू लागली.

"बाई, रेघ राखेने टिकत नाही. ओढीने टिकते. जनावरे आत यायला ओढ घेतात, आणि दोर ताणला की गाठ आवळते तशी रेघ आवळते. ओढ तीन गोष्टींची आहे. त्या तीन गेल्या की उरेल ती नुसती राख, आणि रेघेने रानाचा केलेला माणूस पुन्हा माणूस होईल."

"कोणत्या तीन?"

टिटवीने सांगितले. पेठेच्या टोकाला उकिरडा आहे. तीनशे घरांचे उष्टेखरकटे तिथे पडते आणि त्याचा वास डोंगरमाथ्यापर्यंत जातो. दुसरी, खड्गसेनांची भिंत; ती जनावरांच्या तळ्याकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर उभी आहे. तिसरी, तांब्याची घागर. ती घागर डोंगरावरच्या झऱ्याच्या उगमाशी होती. तिला शाप होता, की ज्याने ती हलवली त्याच्या वस्तीला स्वस्थता मिळू नये. राजाने ती पेठेच्या हौदात आणून ठेवली. हौद भरला, झरा आटला.

पहिला दिवस उकिरड्याचा. रुक्मा घरोघर गेली. काहींनी दार लावून घेतले. काही म्हणाले की आता जनावरे येत नाहीत, मग त्या घाणीत हात कोणी घालावा. रुक्माने वाद घातला नाही. ती स्वतःच्या टोपल्या घेऊन उकिरड्यात उतरली आणि एकटीच भरू लागली. दुपारपर्यंत तिचे हात सोलवटले. तिच्याशी कधी न बोललेली शेजारीण आधी आली, मग तिचा दीर, मग सारी आळी. खोल खड्डा खणून त्यांनी उष्टे पुरले, वर चुना आणि दगड घातले, आणि यापुढे प्रत्येकाने आपले खरकटे आपल्याच परसात पुरावे असे ठरले. सूर्य मावळला तेव्हा रेघ किंचित फिकी झाली होती. तो फरक रुक्माखेरीज एकाच माणसाने पाहिला, आणि तो होता भस्मपाद.

दुसरा दिवस भिंतीचा. खड्गसेन बाजेवर पडून होते, मांडीला फडके बांधलेले. रुक्माने सांगितले ते त्यांनी ऐकून घेतले.

"ज्या जातीने मला लंगडे केले, तिच्यासाठी मी माझी भिंत पाडू?"

"सेनापती, तुम्ही डुकरे पाहिलेली आहेत. एकदा येऊन हे पाहा. मग तुम्ही म्हणाल ते खरे."

त्यांनी भाला मागवला. भाल्याचीच काठी करून ते लंगडत रेघेपर्यंत आले आणि रेघ ओलांडून बाहेर गेले. डुक्कर उठून सरळ त्यांच्याकडे निघाले. खड्गसेनांनी भाला रोखला. डुक्कर तीन हातांवर थांबले. मग त्याने गुडघे टेकले आणि मान खाली घातली, तिथे जिथे भाल्याचे पाते होते. भाला तसाच राहिला. मग खड्गसेनांनी पाते बाजूला वळवले.

"मी शंभरावर डुकरे मारली," ते हळूच म्हणाले. "त्यातले काही अंगावर आले, काही पळाले. माझ्यापुढे गुडघे एकानेही टेकले नाहीत."

भिंतीचा पहिला दगड त्यांनी स्वतः काढला. अंधार पडायच्या आत तळ्याची वाट मोकळी झाली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण घातले गेले, की जनावरांनी वाटेने जावे, परसात शिरू नये.

तिसरा दिवस घागरीचा. खड्गसेनांनी राजापुढे साक्ष दिली. ती ऐकून राजा पेठेत हौदाशी आला, आणि त्याच्यामागे भस्मपाद आला.

"महाराज," भस्मपाद म्हणाला, "घागर काढाल तर हौद आटेल. एका माणसासाठी तीनशे घरे तहानेली ठेवाल?"

राजाने लोकांना विचारले. तळे अर्धा कोस दूर होते आणि हौद दारात होता. माणसे एकमेकांकडे पाहत उभी राहिली. सूर्य डोक्यावरून ढळला. रुक्माला वाटले, आता संपले. आणि तिला कोणाचा रागही येईना, कारण हौदातले पाणी तीही भरत होती.

मग परवाची ती शेजारीण घरात गेली, आपली कळशी घेऊन बाहेर आली आणि तळ्याच्या वाटेला लागली. तिच्यामागे दुसरी गेली. मग हंडे, कळश्या, बादल्या घेतलेली रांगच निघाली. राजाने जामा उतरवला, तो हौदात उतरला आणि ज्या हातांनी घागर ठेवली त्याच हातांनी ती वर काढली. ती त्याने रुक्माच्या हाती दिली.

"घोडा द्यावा, तर घोडा रेघ ओलांडणार नाही," तो म्हणाला. "माझी माणसे देतो."

"नको, महाराज. सूर्यास्ताला बाहेर राहिले तर मी एकटीच राहीन."

तिने घागर डोक्यावर घेतली आणि डोंगर धरला; रेघेबाहेर थांबलेले डुक्कर तिच्यापुढे चालू लागले. भस्मपाद रेघेच्या कडेला बसला व पुटपुटू लागला. त्याबरोबर वाट लांबू लागली. रुक्मा चाले आणि माथा तेवढाच दूर राही. एक वळण झाले की तसेच दुसरे येई. ऊन पिवळे झाले, मग तांबूस. तिने मागे पाहिले तर पेठ एवढीशी दिसत होती, पुढे पाहिले तर वाट संपत नव्हती. परत फिरायची वेळही निघून गेली होती.

तेव्हा डुक्कर वाटेतून बाजूला झाले आणि करवंदीच्या जाळीत शिरले. थोडे जाऊन थांबले. वळून पाहू लागले. रुक्माला समजले. मंत्र माणसांच्या वाटेवर होता. जाळीत वाटच नव्हती. ती घागर छातीशी धरून वाकली आणि त्याच्या मागून आत शिरली. काट्यांनी लुगडे फाटले, दंड रक्ताळले. डुक्कर अंगाने जाळी दाबत पुढे जाई आणि ती त्या खिंडारातून सरके. ती जाळीतून वर निघाली ती थेट उगमापाशी. तिथे कोरडा खळगा होता, घागरीच्या बुडाएवढा.

सूर्याची कड तेवढी उरली होती. तिचे हात जड झाले. तिने पाहिले, मनगटावर राठ काळे केस उगवत होते आणि बोटे एकमेकांना चिकटू लागली होती. बोटांत घागर धरता येईना, तेव्हा तिने ती मिठीत घेतली, गुडघ्यांवर बसली आणि छातीने ढकलून खळग्यात बसवली.

सूर्य गेला.

घागरीच्या तोंडातून पाणी वर आले, काठावरून सांडले आणि उताराला लागले. खाली पेठेभोवतीच्या रेघेची उरली ती नुसती राख. संध्याकाळचा वारा आला व ती उडवून घेऊन गेला. टिटवी उडत येऊन आपल्या अंड्यांवर बसली. भस्मपाद उठायला गेला, तर त्याला घोट्यांखाली पाय नव्हते. राखेबरोबर तेही गेले होते. राजाने त्याला डोलीत घालून राज्याच्या सीमेबाहेर पोचवले आणि डोंगर देण्याचा शब्द मागे घेतला. शिकारीचे भाले दुसऱ्या दिवशी शस्त्रागारात परत गेले.

जनावरे त्यानंतरही उतरत. पण ती कुंपणाच्या वाटेने तळ्यावर जात आणि त्याच वाटेने परतत. एखादे वानर चुकून कौलावर आले तर थाळीच्या आवाजाने पळे, कारण आत त्याच्यासाठी काही नव्हते. राजाने वाटेवर पहारेकरी नेमले आणि त्यांचा मुख्य म्हणून खड्गसेनांना बसवले. हौद कोरडा राहिला. बायका तळ्यावर जाऊन आल्या की पाठ दुखते म्हणत, पण घागर परत आणा असे कोणी म्हटले नाही.

त्या संध्याकाळी डोंगरावर रुक्माने आधी आपले हात पाहिले. ते हातच होते. मग शेजारी पाहिले. नागोजी पालथा पडून झऱ्याचे पाणी पीत होता, जनावरासारखा, तोंडानेच. पिऊन झाल्यावर तो उठून बसला. बोलायचे कसे हे त्याला आठवेना. तिने त्याला घाई केली नाही. कपाळावरची माती पुसली, केसांतले काटे काढले.

मग तो म्हणाला, "तू रोज रेघेशी येत होतीस."

"हो."

"मला तुझे नाव आठवत नव्हते. पण तू येणार, हे कळत होते."

रुक्माने त्याला हाताला धरून उठवले, आणि अजून उजेड होता तोवर ती दोघे खाली उतरली. ही हकिगत इथे पुरी झाली. ऐकणाऱ्यांची घरे भरलेली राहोत, आणि रानातल्यांची तळी.