खीर उतरवण्याचं गाणं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला देवीचं ठाणं होतं. श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी तिथे गावाची पूजा होई आणि देवीला तांदळाची खीर लागे. ज्या बायांचं व्रत असे, त्यांनी ती ठाण्यापुढच्या मोठ्या चुलीवर रांधायची.

त्या खिरीचा एक नेम होता. दुधाला उकळी आली की देवीचं गाणं सुरू करायचं आणि एकविसावं कडवं संपलं की हंडा उतरवायचा. आधी नाही, नंतर नाही. जुन्या बायका शहाण्या होत्या. नवी सून गोंधळते, कधी खीर कच्ची ठेवते, कधी बुडाला लावते. म्हणून त्यांनी खिरीचा वेळच गाण्यात बांधून ठेवला होता.

गाण्याचं पहिलं कडवं असं होतं:

ऊठ गं आई, ये गं घरी,
दुधाची खीर चुलीवरी,
लेकी-सुना बघती वाट,
पाय ठेव उंबऱ्यावरी.

हे गाणं म्हणायचा मान एका काकूंचा होता. सारा गाव त्यांना काकूच म्हणे. गळा असा गोड की त्या गाऊ लागल्या की कडेवरचं मूलही रडायचं थांबे. एका वर्षी कुणी म्हणालं, काकू, 'वाट' म्हणताना तुम्ही जरा थांबलात ना, जीव हलला. पुढच्या वर्षी काकू तिथे आणखी थांबल्या. मग कुणाला 'आई' आवडलं, कुणाला 'उंबरा'. काकूंनी कुणाचं मन मोडलं नाही. गाणं दरवर्षी थोडं थोडं लांबत गेलं.

गाणं लांबलं, पण चूल काही थांबत नाही.

आधी खीर बुडाला जराशी लागली. देवीला खरपूस आवडते, असं एक म्हातारे गृहस्थ म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ती करपू लागली. मुलं प्रसाद पत्रावळीखाली लपवू लागली. मोठी माणसं डोळे मिटून गिळत, आणि बघणाऱ्याला वाटे की भक्तीनं मिटलेत. काकूंचा त्या दिवशी कडक उपास, त्यामुळे खीर त्यांच्या जिभेला कधी लागलीच नाही. वास आलाच, तर कुणीतरी म्हणे, आज ऊद जास्त झाला वाटतं.

त्या गावात एक सून होती. तिची लेक तान्ही असताना तापानं फणफणली होती. तेव्हा तिनं देवीपुढे पदर पसरून पाच वर्षांचं व्रत बोललं होतं. लेक बरी झाली. चार वर्षं व्रत नीट पार पडलं, आणि यंदा उद्यापन होतं.

पूजेला आठ दिवस राहिले तेव्हा हंडा घासायला निघाला. ते काम व्रतवाल्या बायांचं. सुनेनं तो ओढ्यावर नेला. राख झाली, नारळाची शेंडी झाली, वाळू झाली, पण बुडाचं काळं काही निघेना. बाकीच्या बाया कंटाळून बसल्या. तेव्हा घासता घासता, हाताच्या ठेक्यावर, त्याच चालीत ती म्हणू लागली:

थांब गं आई, वेशीवरी,
गाणं अजून उंबऱ्यावरी,
लेकी-सुना भांडं खरवडती,
खिरीचा कोळसा चुलीवरी.

बाया हसून हसून ओढ्यात बसल्या. अजून म्हण, अजून म्हण, असा त्यांचा आग्रह. तिलाही चेव आला. एकेक करत तिनं एकवीसच्या एकवीस कडवी उलटवली. दोन दिवसांत विडंबन गावभर झालं, आणि तिसऱ्या दिवशी पोरांनी ते काकूंच्या दारासमोर म्हटलं.

काकू ओसरीवरून उठल्या आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

गावातली मोठी माणसं संतापली. देवीच्या गाण्याची थट्टा करते म्हणजे काय, असं म्हणत त्यांनी निकाल दिला की या सुनेनं यंदा ठाण्याची पायरी चढायची नाही. झालं, पाच वर्षांचं व्रत अपुरंच राहणार. तिनं सासूपुढे डोळे पुसले. सासू म्हणाली, "रडून काय होणार? जिचं मन दुखवलंस, तिच्याकडे जा."

दुपारी ती काकूंच्या दाराशी उभी राहिली. काकू चुलीपाशी बसल्या होत्या. एकटीपुरतं दूध चुलीवर होतं, त्यात मूठभर तांदूळ होते. जेवणाची वासना नव्हती, पण देहाला काहीतरी द्यायला हवं म्हणून टाकले होते.

सून वाकून म्हणाली, "काकू, चुकले. माफी मागायला आले."

"माफी राहू दे," काकू म्हणाल्या. "ते गाणं म्हण."

"तुमच्या पुढ्यात नाही म्हणवत."

"माझ्या पाठीमागे म्हणवलं ना? मग आता पुढ्यात म्हण. सगळं म्हण."

दुधाला नुकती उकळी येत होती. सुनेनं खाली मान घालून सुरुवात केली. पहिली कडवी अडखळत निघाली. चौथ्या-पाचव्या कडव्यापासून मात्र हातांना ओढ्यावरचा ठेका आठवला आणि गाणं चालू लागलं. काकू शब्द ऐकत होत्या, त्यांना ते टोचत होते. पण शब्दांखाली चाल होती, आणि चालीत एक सूरही वाकडा नव्हता. श्वास जिथे घ्यायचा तिथेच घेतला जात होता. नुसत्या टवाळीला एवढं कुठून येणार? हे गाणं हिनं किती मन लावून ऐकलं असेल, असं काकूंना वाटून गेलं.

एकविसावं कडवं संपलं. काकूंचा हात सवयीनं पुढे झाला आणि त्यांनी पातेलं उतरवलं.

आत पांढरीशुभ्र खीर होती. दाणा मऊ, साय हलती. त्यांच्या सासूबाई करायच्या तशी. काकूंनी बोटानं चाखली आणि सुनेकडे वळून विचारलं,

"किती वर्षं करपत होती गं?"

"मला ठाऊक आहेत ती चार."

"आणि मला एकानंही सांगितलं नाही."

"कसं सांगणार, काकू? तुम्ही गायला लागलात की डोळे भरून येतात. तेव्हा कुणाच्या तोंडून खिरीचं निघेल?" मग ती म्हणाली, "मीसुद्धा तुमच्याकडे येऊन सांगायला हवं होतं. ओढ्यावर हशा पिकवला, तो माझा दोष."

काकूंनी गूळ घातला, दोन वाट्या भरल्या आणि एक तिच्यापुढे सरकवली.

शुक्रवारी काकू सुनेचा हात धरून ठाण्याची पायरी चढल्या. मोठी माणसं आडवी आली. काकू शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं माझी वाहवा केलीत. हिनं माझं गाणं ऐकलं. हिला अडवायचं असेल, तर मीही खालीच बसते."

मोठी माणसं बाजूला सरली. वाट मोकळी झाली.

त्या दिवशी काकू सासूबाईंच्या वेळच्या चालीनं गायल्या. सून ढवळत होती. एकविसाव्या कडव्याला हंडा उतरला आणि खिरीचा वास साऱ्या उतारावर पसरला. पोरांनी तीन-तीनदा प्रसाद मागितला. लेकीच्या हातून देवीला नैवेद्य दाखवून सुनेनं उद्यापन केलं.

मग ती काकूंपाशी येऊन हळूच म्हणाली, "काकू, आता चूल विझली आहे. आता 'वाट'वर हवं तेवढं थांबा."

काकू हसल्या. त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं आणि उन्हं कलेपर्यंत गाव डोळे मिटून ऐकत राहिला. तेव्हापासून त्या गावात गाणं दोनदा होतं, एकदा खिरीसाठी आणि एकदा काकूंसाठी.

देवी जशी त्या दोघींना पावली, तशी वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या सगळ्यांना पावो.

तात्पर्य: आपल्या गाण्याची कुणी नक्कल केली तर रागावण्याआधी ती शेवटपर्यंत ऐकावी, आणि नक्कल करणाऱ्यानं ज्याची करायची त्याच्यासमोर म्हणता येईल अशीच करावी.